सड्यावर वीस माड? आधी पहार मारून बघा

तुम्ही प्रश्नात लिहिलंय तसं, तुमची जागा गोव्यात पेडण्याकडच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, दोन हजार चौरस मीटर. विहीर नाही, नळ दिवसाआड. घराला लागेल ते शक्य तितकं तिथंच पिकवायचं आहे आणि यादीत वीस माड, पोफळी, केळी आहेत. ही यादी कुळागराची, म्हणजे माड-पोफळीच्या बागेची झाली. कुळागर डोंगराच्या पायथ्याशी, वाहत्या पाण्यावर उभं राहतं. तुमच्याकडे कातळ आहे.

पाण्याचा हिशोब आधी मांडा. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे १०० चौरस मीटरच्या छपरावर तीन लाख लिटर. ऐकायला भरपूर, पण त्यातलं बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातं आणि नोव्हेंबर ते मे जवळजवळ कोरडे. धरत्या माडाला उन्हाळ्यात रोज चाळीस-पन्नास लिटर लागतात. वीस माडांना दहा हजार लिटरची टाकी दहा-बारा दिवस पुरेल. तीच टाकी रोज शंभर लिटर काढलं तर शंभर दिवस जाते. पन्हळी लावा, पहिल्या सरींचं पाणी छप्पर धुऊन जाऊ द्या, आणि टाकी परवडेल तेवढी मोठी घ्या. पण ती भाजीच्या वाफ्यांसाठी आणि नव्या कलमांसाठी, माडांसाठी नव्हे.

माड दोन लावा, न्हाणीच्या सांडपाण्यावर. तिथंच केळीचं एक बेट, पपई आणि अळू. पोफळी विसरा.

आता माती. मे महिन्यात पहार घेऊन जागाभर दर चार-पाच पावलांवर मारत फिरा. खण्णकन वाजली की वरच कातळ. गप्पकन आत गेली की तिथं माती भरलेली भेग आहे, चुन्याची खूण करा. करवंदाची जाळी किंवा जांभळाचं झाड इतरांपेक्षा उंच, हिरवं दिसत असेल तिथंही हमखास भेग सापडते. झाडं त्या खुणांवर लावायची, ओळीचा हट्ट नको. आंबा-फणसाला मीटरभर खड्डा, काजूला दोन फूट चालतो. आत वरची माती, शेणखत, पातेरा (वाळलेला पाला). जुलैत त्याच खड्ड्यांत पाणी दिवसभर तुंबलं तर तिथं कलम लावू नका, मुळं कुजतात. काजूची कलमं गोवा-१ किंवा वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ घ्या, सात-आठ मीटरवर. पहिले दोन उन्हाळे आळ्यात जाड पातेरा आणि थोडं पाणी, मग काजू स्वतःचं बघतो. बोंडू सुरू झाले की निरो, म्हणजे बोंडूंचा ताजा रस, घरचा, हे वेगळं सांगायला नको! कोकम आणि शेवगाही बसवा.

खरं खाणं मात्र पावसाळ्यातच पिकवून ठेवायचं. सड्यावरची पावसाळी भाजी आपल्याकडे जुनीच आहे: तवशी (मोठी काकडी), दोडकी, पडवळ, भेंडी. चवथीला गणपतीवर फळं-भाज्या टांगतात त्या माटोळीला बांधायलाही घरचंच होतं. कुंपणाकडेला कणगी आणि कारांदे हे वेलींचे कंद मेच्या अखेरीस लावले की पाणी न घालता थंडीत काढता येतात आणि टिकतातही. उरलेल्या उथळ जागेत नाचणी. अळसांदे (चवळीचा गोव्याकडचा प्रकार) मात्र सड्यावर फसतात. त्यांना भात कापल्यावर शेतात उरणारी ओल लागते, आणि जांभ्यातून ती भराभर उतरते. माती आंबट असते, म्हणून चुलीची राख फेकू नका, वाफ्यांत घाला.

उन्हाळ्यात पाण्यावर दोन-तीन वाफे पुरे. तांबडी भाजी (लाल माठ), मिरची, थोडी वांगी. संध्याकाळी पाणी, वर सुकलेली झावळं.

विंधनविहिरीचं विचारलंत. परवानगी लागते, आणि सड्यावर खोल जाऊनही पाणी लागेलच असं नाही. पैसे आधी टाकीत घाला.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही: आग. सड्यावरचं गवत जानेवारीपर्यंत वाळून कडकडीत होतं. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या जंगलात आणि इतरत्रही वणवे पेटले होते, आठवत असेल. डिसेंबरातच हद्दीच्या आतून तीन-चार मीटरचा पट्टा साफ करून घ्या. कापलेलं गवत जाळू नका, कलमांच्या आळ्यात घाला, पण बुंध्यापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी चढते.

माकडांवर माझ्याकडे उपाय नाही. कणगी जमिनीखाली असते म्हणून तेवढी त्यांच्यापासून वाचते, मग रानडुकरं येतात. त्यासाठी चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, कंबरेएवढा तरी घाला.