ब्रायरच्या पाइपला किती विश्रांती द्यावी आणि तो साफ कसा करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचा ब्रायरचा, म्हणजे एका झुडपाच्या लाकडाचा, तंबाखू ओढायचा पाइप तुमच्याकडे आला, तुम्ही तो रोज सकाळी आणि रात्री ओढता. पाऊस सुरू झाल्यापासून त्यात गुळगुळ आवाज येतो, धूर कडवट लागतो आणि तोंडात धरायची नळी कधी घट्ट बसते, कधी सैल पडते. नातेवाइकांनी सांगितलंय की गरम पाण्याने धुवा आणि गच्चीवर उन्हात ठेवा. तुम्ही पंचवटीत राहता, मीही नाशिकचाच, त्यामुळे इथली हवा धरूनच सांगतो.

पाइप उन्हात ठेवू नका, आणि नळीला गरम पाणी तर अजिबात लावू नका. आपल्याकडे काहीही ओलं झालं की ते गच्चीवर जातं, पण पाइपचं यात दुहेरी नुकसान आहे. लाकूड बाहेरून भराभर सुकतं, आत ओलंच राहतं आणि तडकतं. जुन्या पाइपची काळी नळी बहुधा एबोनाइटची असते, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. ऊन आणि गरम पाणी दोन्हींनी ते हिरवट-तपकिरी पडतं आणि त्याला गंधकाची चव येते. तुम्हाला लागणाऱ्या कडवटपणात थोडा वाटा या नळीचाही असू शकेल.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की पाइप बिघडलेला नाही, तो ओला आहे. तंबाखू जळताना पाण्याची वाफ तयार होते, त्यात तंबाखूची स्वतःची ओल मिसळते. ही वाफ दांड्यातल्या, म्हणजे तंबाखू भरायची वाटी (बाऊल) आणि नळी यांना जोडणाऱ्या तुकड्यातल्या, थंड भागात पोचली की तिचं पाणी होतं आणि डांबरासोबत तिथेच साचतं. गुळगुळ आवाज त्याचा. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठच्या डोंगरउतारांवर वाढणाऱ्या एका झुडपाची, एरिका आर्बोरिआची, मुळाशी येणारी गाठ. ही गाठ घट्ट असते, उष्णता सोसते आणि ओल शोषून घेते. म्हणून तर पाइपसाठी तिची निवड झाली. कारखान्यात ठोकळे आधी तासन्‌तास उकळतात आणि मग कित्येक महिने सावलीत हळूहळू सुकवतात. एवढ्या सावकाशीने सुकवलेलं लाकूड आपण दिवसातून दोनदा भिजवतो आणि भिजलेलं असतानाच पुन्हा तापवतो. आतला भाग फुगतो, बाहेरचा कोरडा राहतो, आणि हा ताण दांड्याच्या तोंडाशी सगळ्यात जास्त येतो, कारण तिथे भिंत पातळ असते.

जुन्या नाशकातल्या वाड्यांची सागवानी दारं पावसाळ्यात चौकटीत अडतात आणि दिवाळीनंतर आपोआप मोकळी होतात, तसंच तुमच्या नळीचं आहे. ऋतूप्रमाणे थोडी घट्ट, थोडी सैल होणं हा दोष नाही. घट्ट झाली म्हणून कोणी नळीची खुंटी, म्हणजे दांड्यात बसणारं टोक, घासून बारीक केली, तर उन्हाळ्यात ती गळून पडेल. तेव्हा तिला हात लावू नका.

आता विश्रांतीचं. एकदा ओढल्यावर ब्रायरला किमान पूर्ण एक दिवस द्यावा असं सर्वसाधारणपणे सांगतात, दोन दिवस दिले तर उत्तम. आपल्याकडे मार्च ते मे हवा इतकी कोरडी असते की एक दिवस बऱ्यापैकी पुरतो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र एक दिवस मला अजिबात पुरेसा वाटत नाही. गोदेला पूर आहे, भिंतींना ओल आहे, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, अशा वेळी लाकूड तरी कसं वाळेल? त्या दिवसांत दोन ते तीन दिवस धरा. त्र्यंबक किंवा इगतपुरीकडे राहणाऱ्यांनी त्याहूनही जास्त.

याचा सरळ अर्थ असा की एका पाइपवर दिवसातून दोनदा ओढणं चालणार नाही. ओढणं कमी करा, हा पहिला उपाय, आणि तो मी मनापासून सांगतो. पाइप कितीही स्वच्छ ठेवला तरी तंबाखूचा धूर निर्धोक होत नाही. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका पाइप ओढणाऱ्यांनाही आहेच. दिवसाला एकदाच ओढायचं ठरवलंत तर आलटून पालटून वापरायला तीन पाइप पुरतात. वडिलांच्या पाइपला सोबती म्हणून महागडा ब्रायर घ्यायलाच हवा असं नाही. मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचे पाइप अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात 1869 पासून कारखान्यात बनतात. ते स्वस्त असतात आणि ब्रायरपेक्षा लवकर सुकतात. पावसाळ्यात रोजच्यासाठी तेच बरे. मीरशॉम, म्हणजे तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरच्या पांढऱ्या दगडाचा पाइप, फार विश्रांती मागत नाही, पण हातातून पडला की संपला.

रोजची सफाई पाच मिनिटांची आहे, पण तिचा क्रम महत्त्वाचा. ओढून झाल्यावर राख हलकेच ढवळून पालथी करा. पाइप टेबलाच्या कडेवर ठोकू नका, दांडा तिथेच तुटतो. नळी न काढता तिच्यातून एक पाइप क्लीनर (सुती धागे गुंडाळलेली लवचिक तार) आत सरकवा आणि ओल टिपून घ्या. मग पाइप पूर्ण गार होऊ द्या, निदान तासभर. गरम असताना नळी ओढून काढणं ही पाइपची हानी करणारी सगळ्यात वाईट सवय आहे. खुंटी आणि छिद्र दोन्ही त्या वेळी फुगलेली असतात, आणि एक तर खुंटी मोडते किंवा दांड्याला चीर जाते. गार झाल्यावर दांडा मुठीत धरून नळी एकाच दिशेने फिरवत काढा. दांड्याचं छिद्र कान साफ करायच्या काडीने पुसा, बाऊल आतून कागदी रुमालाने पुसा. मग नळी बसवून, आत नवा क्लीनर ठेवून, बाऊल खाली आणि नळी वर अशा रीतीने पाइप उघड्यावर ठेवा. म्यानात किंवा कपाटात लगेच बंद केलात तर बुरशी येईल. पावसाळ्यात पंख्याची हवा लागेल अशी जागा निवडा. पूर्ण सुकलेला पाइप मात्र चपलांच्या खोक्यात मिळतात त्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवायला हरकत नाही.

स्टेशनरीच्या दुकानात शाळेच्या हस्तकलेसाठी रंगीत केसाळ तारा मिळतात, त्या यासाठी घेऊ नका. त्या कृत्रिम धाग्याच्या असतात आणि ओल शोषत नाहीत. सुती क्लीनर ऑनलाइन मागवा.

तुमच्या पाइपला आत्ता मात्र एकदा खोल सफाई लागेल. त्यासाठी शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, किंवा साधी व्होडका. सुताराकडचं पॉलिशचं स्पिरिट वापरू नका, त्यात विषारी मिथेनॉल असू शकतं आणि ही वस्तू तोंडात जाणार आहे. क्लीनर अल्कोहोलमध्ये बुडवून दांड्यातून आणि नळीतून फिरवा, काळं निघेल तोवर बदलत राहा, शेवटचा पांढरा निघाला की झालं. बाऊलमध्ये कापूस भरून त्यावर थोडं अल्कोहोल टाका आणि रात्रभर ठेवा. बरेच जण कापसाऐवजी मीठ सांगतात. आपल्या पावसात मिठाला स्वतःलाच पाणी सुटतं, आणि लाकडात राहिलेला कण हवेतली ओल ओढत राहतो, म्हणून मी कापसाच्याच बाजूचा. अल्कोहोल बाहेरच्या बाजूला लागू देऊ नका. अनेक पाइपांवर चपडा लाखेचा हात असतो आणि तो अल्कोहोलने विरघळतो. नळी एबोनाइटची नसून ॲक्रिलिकची असेल तर तिला अल्कोहोल न लावता कोमट साबणपाणी लावा, नाहीतर बारीक भेगा पडतात. या सफाईनंतर पाइप आठवडाभर तसाच राहू द्या.

बाऊलच्या आत काजळीचा जो थर जमतो तो सगळा खरवडू नका, तो लाकडाला जळण्यापासून वाचवतो. एक रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढा ठेवा. त्याहून जाड झाला की तापल्यावर तो लाकडापेक्षा वेगळ्या वेगाने फुगतो आणि बाऊलला आतून तडा देतो. कमी करायचा तर गोल काठीला पॉलिश पेपर गुंडाळून हलक्या हाताने, चाकूच्या टोकाने नको. बाऊलचा तळ चाकूने कोरून भोकं पडलेले पाइप मी पाहिले आहेत.

तंबाखूही काचेच्या बरणीत ठेवा. चिमटीत दाबल्यावर गोळा होऊन तसाच राहिला तर तो ओला आहे, थोडा वेळ पसरून ठेवा. गंगापूर धरणाकडे वाऱ्यावर उभं राहून ओढू नका, बाऊल नको तितका तापतो.

नळी हिरवट झाली असेल तर पाण्याने ओला केलेला हजार नंबरचा पॉलिश पेपर, मग दोन हजारचा, आणि शेवटी मधमाश्यांचं मेण सुती कापडावर घेऊन घासा.

आणखी एक तपासा. दांड्याचं तोंड भिंगाखाली धरा. केसासारखी चीर दिसली तर तो पाइप ओढणं लगेच थांबवा, चीर पुढे सरकत जाते. दुरुस्ती होते. चिरेच्या टोकाशी बारीक भोक पाडून ती थांबवायची, आत थोडा गोंद आणि वरून चांदीची कडी. आपल्या सराफ बाजारात अशी कडी करून देणारा कारागीर मिळायला अडचण येऊ नये. फक्त त्याला आधीच सांगा की डाग देऊन (तापवून सांधा जोडून) कडी पूर्ण तयार करायची, आणि गार झाल्यावरच ती दांड्यावर सरकवायची. लाकडावर ठेवून डाग दिला तर दांडा जळेल.