फ्रान्समधल्या ल मेनेक वाडीत आणि आसपास पाहण्यासारखं काय आहे?

ब्रिटनी प्रांतातल्या कार्नाक गावाची ही एक छोटीशी वाडी. मोजकी दगडी घरं, बाकी शेतं. पण यातली काही घरं चक्क प्राचीन शिळांच्या वर्तुळाच्या आत उभी आहेत! तिथूनच पूर्वेकडे उभ्या दगडांच्या 11 रांगा सुरू होतात, एक किलोमीटरहून लांब, हजाराच्या वर दगड. वय सहा हजार वर्षांच्या आसपास. कशासाठी उभारले, यावर अजून वाद चालू आहे. स्थानिक दंतकथा मात्र ठाम आहे: पाठलाग करणाऱ्या रोमन सैनिकांना संत कॉर्नेलीने दगड करून टाकलं. या संताला तिकडे गुराढोरांचा राखणदार मानतात, म्हणून त्याच्या चर्चच्या दर्शनी भागावर बैलही आहेत.

पुढे केरमारिओ आणि केरलेस्कां या रांगा चालतच बघा. सेंट मिशेल नावाचा, टेकडीएवढा प्राचीन थडग्याचा ढिगारा जवळच आहे. गाडी असेल तर लोकमारियाकेर गावालाही जा. तिथला सुमारे 20 मीटरचा महाकाय दगड चार तुकडे होऊन पडलाय.

उन्हाळ्यात रांगांमध्ये गाईडशिवाय सोडत नाहीत. माझं मत विचाराल तर हिवाळ्यातच जा.