बिल्डरकडून मिळालेल्या भाड्यातून इटलीचा प्रवास करावा का?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र काळजीपूर्वक वाचले. विलेपार्ल्याची तुमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे, बिल्डरने 11 महिन्यांचे भाडे दरमहा 55,000 रुपयांप्रमाणे एकरकमी, म्हणजे 6,05,000 रुपये दिले आहे, आणि भावाचा बदलापूरचा रिकामा फ्लॅट मिळाल्यामुळे ते पैसे सध्या खात्यात पडून आहेत. त्यांतले साडेतीन लाख काढून कॉलेजच्या तीन मित्रांबरोबर येत्या सप्टेंबरात इटलीत गाडी भाड्याने घेऊन बारा दिवस फिरावे, दुसऱ्या महायुद्धात आपले मराठा सैनिक जिथे लढले त्या जागा पाहाव्यात, असा तुमचा बेत आहे. एका मित्राचे आजोबा तिथेच कामी आले, हेही तुम्ही लिहिले आहे. माझे मत आधीच सांगतो. प्रवास जरूर करा, पण या पैशातून नको आणि या सप्टेंबरात नको.

भाड्याच्या या रकमेवर कर पडेल का, ही तुमची पहिली शंका आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये ट्रान्झिट रेंट, म्हणजे पुनर्विकासाच्या काळात बिल्डर देतो ते भाडे, हे करपात्र उत्पन्न धरता येत नाही आणि त्यावर टीडीएस कापण्याचे कारण नाही, असा निर्णय दिला आहे. तरीही विवरणपत्र भरताना तुमच्या सीएंना करारनामा दाखवा, कारण तुम्ही प्रत्यक्षात भाडे भरत नाही. खरा प्रश्न कराचा नाही. पुढच्या जूनमध्ये पुतण्या नोकरीसाठी मुंबईला परत येणार आहे, असे तुम्हीच पत्राच्या शेवटी ओझरते लिहून गेला आहात. तो आला की भावाचा फ्लॅट सोडावा लागेल, आणि त्याच सुमारास बिल्डरचा दुसऱ्या वर्षाचा चेक देय असेल. तो वेळेवर वटला तर उत्तम; पण काम रखडले की सर्वांत आधी भाडेच थकते, हे मुंबईतल्या कितीतरी सोसायट्यांनी अनुभवले आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खालच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये विकासकाकडून बँक हमी घेण्याची तरतूद आहे. तुमच्या सोसायटीने ती खरोखर घेतली आहे का, हे सेक्रेटरींना विचारून त्या हमीची प्रत डोळ्यांनी पाहा. तोवर हे 6,05,000 रुपये तुमच्या डोक्यावरचे छप्पर आहे असे समजा आणि स्वीप-इन एफडीत, म्हणजे लागतील तेव्हा बचत खात्यातून काढता येतील अशा ठेवीत, ठेवा.

आता प्रवासाच्या खर्चाकडे वळतो. मित्राने काढलेला माणशी 2,60,000 रुपयांचा अंदाज मला अपुरा वाटतो. विमान, हॉटेल, जेवण आणि गाडीचे भाडे त्याने नीट धरले आहे, पण गाडी रोमला घेऊन बोलोन्याला सोडायची तर कंपनी वेगळे शुल्क लावते, ते धरलेले नाही. शेंगेन व्हिसाचे 90 युरो, म्हणजे युरो 105 रुपये धरला तर 9,450 रुपये, आणि व्हिसा केंद्राचा आकार त्यावर वेगळा. प्रवास विम्याचे संरक्षण किमान 30,000 युरोंचे असावे लागते. तुम्हाला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, तर ते अर्जात लिहाच, कारण लपवलेल्या आजारावरून दावा नाकारला गेला तर तिथल्या रुग्णालयाचे बिल साऱ्या सहलीपेक्षा मोठे होऊ शकते. टोल, पार्किंग आणि आपल्याकडच्यापेक्षा महाग पेट्रोल धरून मी माणशी 3,40,000 रुपये धरतो.

गाडी तुमच्या नावावर घ्यायचे ठरले आहे, आणि या बाबतीत मला तुमची अधिक काळजी वाटते. भाड्याची गाडी देताना कंपनी मुख्य चालकाच्या क्रेडिट कार्डावर अनामत रक्कम ब्लॉक करते; ती कंपनी, गाडी आणि विम्यानुसार काहीशे युरोंपासून दोन हजारांपर्यंत जाते. तुमच्या कार्डाची मर्यादा दीड लाख आहे. दीड हजार युरो ब्लॉक झाले, तर 1,57,500 रुपये लागतील आणि गाडी काउंटरवरच अडेल. शिवाय इटलीतल्या जुन्या शहरांच्या गाभ्यात झेडटीएल नावाची क्षेत्रे असतात. तिथे परवान्याशिवाय गाडी शिरली की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड मागाहून येतो. मी स्वतः तिथे गाडी चालवली, तेव्हा परतल्यावर पाच महिन्यांनी दंडाचे पत्र घरी आले; त्याआधी गाडीच्या कंपनीने माझा पत्ता कळवल्याचे शुल्क कार्डावर लावून टाकले होते. तोवर चौघांचा हिशेब मिटलेला होता आणि कोणाकडे मागायला मला संकोच वाटला. म्हणून काँट्री काढतानाच प्रत्येकाने 20,000 रुपये जास्त द्यावेत, ते सहा महिने वेगळ्या खात्यात राहू द्यावेत आणि मग उरलेले वाटून घ्यावेत. दुसरा मित्र गाडी चालवणार असेल, तर त्याचे नाव करारात नोंदवा, नाहीतर त्याच्या हातून झालेल्या अपघातात विमा हात वर करील. दोघांनीही आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. शुल्क 1,000 रुपये आहे आणि तो वर्षभर चालतो.

हप्त्यांवर सहल देणाऱ्या योजनेबद्दल तुम्ही विचारले आहे. तो मार्ग सोडा.

पैसे तुमच्याकडे वेगळ्या वाटेने येतच आहेत. दिवाळीचा बोनस 90,000 रुपये आणि जानेवारीत मनीबॅक पॉलिसीचे 1,50,000 रुपये. इमारत पाडल्यामुळे मेंटेनन्स थांबला आहे; त्यात भर घालून दरमहा 12,000 रुपयांची नऊ महिन्यांची आरडी सुरू केलीत, तर मुद्दलच 1,08,000 होते. एकूण 3,48,000. एसआयपीला हात लागत नाही, मुलीच्या एमएस्सीसाठी ठेवलेले पैसे जागेवर राहतात, आणि एप्रिल उजाडतो. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे मराठा शिपाई नामदेव जाधव यांनी सेनिओ नदीकाठी पराक्रम केला तो 9 एप्रिल 1945 रोजी. त्या दिवसांत तिथे उभे राहणे तुम्हाला अधिक आवडेल असे मला वाटते. तोच सन्मान मरणोत्तर मिळालेले नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. माणगावचा त्यांचा पुतळा तुम्ही पाहिला असेल. मोन्तोने गावातही त्यांचे स्मारक आहे.

विमानाचे तिकीट आणि गाडी यांचे पैसे भरण्यापूर्वी एक काम आज रात्रीच करा. महायुद्धांत कामी आलेल्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मित्राच्या आजोबांचे नाव शोधा. त्याला पैसे पडत नाहीत. नाव कासिनोच्या स्मारकावर निघाले, तर रोमहून दक्षिणेला जावे लागेल. फोर्लीला निघाले, तर ते तुमच्या वाटेवरच आहे. आणि सांग्रो नदीकाठच्या स्मारकावर असेल, तर पूर्व किनारा गाठावा लागेल, दोन मुक्काम वाढतील आणि गाडी कुठे सोडायची हेही बदलेल. ते नाव सापडल्यावर मला कळवा, म्हणजे 3,40,000 चा आकडा पुन्हा मांडता येईल.