बुलेटमागची पेटी: आधी काटा, मग वेल्डिंग

प्रश्न: सर, नमस्कार. मी अंबाजोगाईत शिक्षक आहे. माझ्याकडे बुलेट आहे, क्लासिक ३५०. सुट्ट्यांत मी आणि पत्नी नळदुर्ग, गौताळा, किनवट असे फिरतो आणि उघड्यावर मुक्काम करायची आवड आहे. पण पत्नीला विंचूकाट्याची धास्ती, त्यामुळे जमिनीवर तंबू नको म्हणते. मोटरसायकलमागे ओढता येईल अशी साडेसहा बाय चार फुटांची, तीन फूट उंच प्लायवूडची पेटी करावी आणि रात्री तिच्यातच झोपावं, असा विचार आहे. इथले उसाच्या ट्रॉल्या बनवणारे एक कारागीर म्हणतात, चाळीसच्या अँगलमध्ये करून देतो, जोडायला ट्रॉलीचीच पिन. करू का?

उत्तर: गुरुजी, पेटी करा, पण ही नको. आणि पाइप आणायच्या आधी एक फेरी आरटीओत मारा. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलर येतो आणि कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. म्हणजे पेटीला तिची स्वतःची नोंदणी हवी. बुलेटचाच नंबर तिच्या पाठीवर रंगवून भागत नाही. वर कलम ५२ आहे: आरसीतल्या मूळ नोंदीशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. घरगुती ट्रेलरला नंबर मिळेलच असं धरून चालू नका. एमएच-४४चं कार्यालय तुमच्या गावातच आहे. साधं रेखाचित्र, मापं आणि अंदाजे वजन लिहून अर्ज द्या आणि उत्तर लेखी घ्या. ‘चालतंय की, कोण बघतंय’ असं सांगणारे भेटतील. अपघातानंतर विमा कंपनीपुढे ते उभे राहणार नाहीत. लेखी होकार नसेल तर पेटी शेतात आणि खासगी आवारातच फिरवायची.

आता तुमच्या पेटीचं वजन करू. तळ, छप्पर आणि चार भिंती मिळून ११५ चौरस फूट, म्हणजे प्लायच्या साडेतीन शीट. १२ मिलीची शीट साधारण २२ किलो भरते, तेव्हा नुसतं लाकूड झालं ८० किलोच्या आसपास. ४०-४०-५चा अँगल मीटरला तीन किलो; पंधरा मीटर लागला तर ४५ किलो. चाकं, अ‍ॅक्सल धरून रिकामी पेटीच दीडशे किलो. अजून एक चादरही आत ठेवलेली नाही.

किती चालेल? ब्रिटनमध्ये मोटरसायकलमागे ट्रेलर ओढायला रीतसर मुभा आहे आणि तिथलं माप मला पटतं: भरलेला ट्रेलर गाडीच्या वजनाच्या दोन-तृतीयांशापेक्षा किंवा १५० किलोपेक्षा, यातलं जे कमी असेल त्यापेक्षा जड नको, रुंदी एक मीटरच्या आत, मोटरसायकलच्या मागच्या अ‍ॅक्सलपासून ट्रेलरच्या शेपटापर्यंत अडीच मीटरच्या आत. तुमची गाडी १९५ किलोची, म्हणजे वरची हद्द १३०. मागे पत्नी बसणार आणि वाटेत कन्नडसारखे घाट येणार, म्हणून मी तुम्हाला सामानासकट शंभराच्या आतच थांबवतो.

एवढ्या वजनात काय बसतं ते सांगतो. दीड मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद चौकट, २५-२५चा सोळा गेजचा (म्हणजे दीड मिलीच्या आसपास जाडीचा) चौकोनी पाइप. दोन लांब बाजू आणि पाच आडव्या मिळून सहा मीटर होतात. वीस फुटी एका पाइपात चौकट निघते आणि वजन सात किलो. मधोमध ५०-५०-२चा ड्रॉबार (ओढायचा दांडा), चौकटीच्या खालून पूर्ण लांबीचा आणि पुढे अर्धा मीटर निघालेला: सहा किलो. पेटी ६ मिलीच्या प्लायची, ४० सेंटिमीटर उंच, झाकणासकट तेरा-चौदा किलो. चाकं, हब, शॉकअप यांना वीस धरा, बिजागऱ्या, दिवे आणि जोड यांना पाच. पन्नासच्या आसपास थांबतं. वर ४५ किलो सामान, आणि दोघांना तीन दिवसांसाठी ते पुष्कळ आहे. त्यापेक्षा जास्त लागत असेल तर यादी पत्नीला तपासू द्या.

सोळा गेजच्या पाइपाला ट्रॉलीवाल्याचा हात जड पडतो. त्याला दहा मिलीच्या पट्टीवर वेल्डिंग करायची सवय असते. त्याच अँपिअरवर हा पाइप जळून भोक पडेल. अडीच मिलीचा रॉड आणि साठ-सत्तर अँपिअर, किंवा सरळ सीओटू वेल्डिंग असलेलं दुकान गाठा. ड्रॉबारला वरच्या-खालच्या अंगाला भोक पाडू देऊ नका, ताण तिथेच येतो. पाडायचंच तर बाजूच्या अंगाला, उंचीच्या मधोमध. हे मी आयटीआयत मुलांना सांगून थकलो, तरी दर बॅचला कुणीतरी वरूनच ड्रिल मारायचा.

झोपायची सोय अशी. झाकण एका बाजूला बिजागरीवर पूर्ण उघडून आडवं करायचं आणि त्याखाली दोन पाय लावायचे. पेटीच्या तोंडावर फळ्या टाकल्या की दोन्ही मिळून १२० सेंटिमीटर रुंद पलंग होतो. लांबीला ४५ सेंटिमीटरची घडीची फळी ड्रॉबारच्या वर टेकवायची. अंथरूण जमिनीपासून अडीच फुटांवर येतं, वर तंबूचं कापड, आणि विंचूकाट्याचा प्रश्न बराच मिटतो. पण आधी पेटी बुलेटपासून सोडवा आणि चारही कोपऱ्यांना पाय द्या. नाहीतर तुम्ही मागच्या कडेवर बसलात की पुढचं टोक वर उचललंच. गौताळ्यात मात्र अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही, मग पलंग कितीही चांगला असो.

अ‍ॅक्सल कुठे ठेवायचा, ही या कामातली खरी गोष्ट. बैलगाडीत भार मागे गेला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उठतं. पुढे गेला तर बैल दबतो. इथे बैलाच्या जागी तुमचं मागचं चाक आहे. मागे भरलेला ट्रेलर ५०-६०च्या वेगात शेपूट हलवायला लागतो आणि ते हेलकावे तुमच्या हँडलपर्यंत येतात. म्हणून एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार जोडावर यावा. पेटीच्या पुढच्या कडेपासून ९० सेंटिमीटरवर अ‍ॅक्सल ठेवा. सामान सारखं पसरलं तर भाराचा मध्य अ‍ॅक्सलच्या १५ सेंटिमीटर पुढे येतो आणि ९५ किलोच्या पेटीत जोडावर दहा किलो पडतात. घरातला वजनकाटा जोडाच्या उंचीवर ठेवून ड्रॉबारचं टोक त्यावर टेकवा आणि दर प्रवासाआधी आकडा बघा. भांडी, पाणी, शेगडी पुढे आणि खाली. झोपायच्या पिशव्या मागे. तीस किलो दाब आला तर बुलेटचं पुढचं चाक अकरा-एक किलोनं हलकं होतं आणि चढावर हँडल तरंगतं. हे दहा किलो मागच्या कॅरिअरवरच ठेवले आहेत असं समजून मॅन्युअलमधल्या भाराच्या मर्यादेतून वजा करा.

ट्रॉलीची पिन अजिबात नको. ट्रॅक्टर वळताना कलत नाही, मोटरसायकल कलते. जोडाला तीन हालचाली हव्यात: डावी-उजवी, वर-खाली, आणि ड्रॉबारच्या आसाभोवती गोल. तिसरी नसेल तर वळणावर बुलेट कलायला जाईल आणि दोन चाकांवर बसलेली पेटी तिला कलू देणार नाही. पहिल्या दोन्हींसाठी ओमनी व्हॅनच्या प्रोपेलर शाफ्टचा यूजे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंटची फुली) भंगारात मिळतो. तिसरीसाठी लेथवाल्याकडून २५ मिलीचा शाफ्ट, पितळी बुश, ग्रीस निपल, टोकाला कॅसल नट आणि स्प्लिट पिन. गाडी आडवी पडली तरी पेटी चाकांवर उभी राहिली पाहिजे, एवढा जोड मोकळा फिरतो का ते अंगणातच बघा. ड्रॉबारखालून फुलीत दोन साखळ्या द्या. जोडाचा ब्रॅकेट चासीला नट-बोल्टनं, मागच्या शॉकअपच्या परिसरात, दोन्ही बाजूंना, ८.८ ग्रेडचे बोल्ट वापरा. चासीला वेल्डिंग करायचं नाही आणि कॅरिअरला किंवा मडगार्डला काही लटकवायचं नाही.

चाकांसाठी माझा कौल जुन्या चेतकला. तिचं पुढचं चाक एकाच बाजूनं धरलेलं असतं, त्यामुळे हब आणि स्टब (चाक बसतं तो आखूड दांडा) ट्रेलरला फार बदल न करता लागतो. टायर ३.५०-१०, कुठल्याही तालुक्याला मिळतो, आणि एक स्टेपनी दोन्ही बाजूंना चालते. बेअरिंग नवीन टाका. शॉकअप मोपेडचा घ्या, एका चाकाला एक. स्कूटरचा या वजनाला कडक पडतो आणि पेटी उड्या मारते. हवाही कमी, वीस पीएसआयच्या आसपास. मडगार्ड आणि टायरमध्ये दोन इंच जागा सोडा. पावसाळ्यात पाणंदीतली काळी माती तिथे अशी गच्च बसते की चाक फिरायचंच थांबतं आणि पेटी घसरत येते; चिखलात जायचं असेल तर मडगार्ड काढता येईल असंच बसवा.

मागे ब्रेकलाइट, दोन्ही इंडिकेटर आणि लाल रिफ्लेक्टर. एलईडी लावा; इंडिकेटर भराभरा लुकलुकायला लागले तर फ्लॅशर बदलावा लागतो. गळिताच्या हंगामात रात्री ज्यानं केज-मांजरसुंबा रस्त्यावर गाडी चालवली आहे, त्याला बिनदिव्याच्या ट्रॉलीबद्दल मी काय सांगू!

चालवायचा सराव सुट्टीच्या दिवशी मोंढ्याच्या आवारात, पेटीत ज्वारीचं पोतं टाकून, आणि पत्नीला घरी ठेवून. वेग पन्नासच्या आत. गाडी आणि दोघं मिळून जे वजन होतं, ते पेटीमुळे चौथ्या हिश्श्यानं वाढतं, पेटीला स्वतःचा ब्रेक नाही, तेव्हा थांबायला तेवढी जास्त जागा लागणार. ब्रेक वळणाआधी, सरळ रेषेत; वळणात दाबलात तर पेटी तुम्हाला बाहेर ढकलते. उतारावर खालचा गिअर. आणखी एक गोष्ट सवयीनं कळते: तुमची आता तीन चाकोऱ्या आहेत. बुलेट खड्डा चुकवते आणि पेटीचं चाक नेमकं त्यात जातं. खड्डा मधोमध येत असेल तर वेग कमी करून बुलेट त्यातून जाऊ द्या.

प्रश्न: मी नांदेडला पॉलिटेक्निकमध्ये शिकते. प्रोजेक्टसाठी आम्ही एकाच चाकाचा ट्रेलर करणार आहोत. दोन चाकांपेक्षा तो बरा का?

उत्तर: हलक्या सामानाला बरा. एक चाक गाडीच्याच चाकोरीतून जातं आणि गाडीबरोबर कलतं. पण म्हणूनच जोड वेगळा: डावी-उजवी आणि वर-खाली एवढ्याच दोन हालचाली, गोल फिरणं बंद, नाहीतर पेटी उभीच राहणार नाही. त्यामुळे कलण्याचा सगळा पीळ जोडावर येतो. बुशमध्ये थोडा जरी खेळ राहिला तरी पेटी मागे डुलते. भार ३०-३५ किलोच्या आत ठेवा आणि दोन्ही बाजूंना सारखा वाटा. प्रात्यक्षिक कॉलेजच्या मैदानावरच दाखवा; नोंदणीचं वर लिहिलं ते तुम्हालाही लागू आहे.

प्रश्न: स्प्लेंडरमागे छोटा गाडा जोडून फवारणीचं शंभर लिटर पाणी शेतात न्यायचं आहे. जमेल का? (जिंतूर)

उत्तर: नाही. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, गाडा आणि ड्रम वेगळा, आणि तुमची स्प्लेंडर ११२ किलोची. शिवाय अर्धवट भरलेल्या ड्रममधलं पाणी ब्रेक दाबला की पुढे आणि सोडला की मागे धावतं. वीस-वीस लिटरचे दोन कॅन, गच्च भरलेले, मागच्या सीटच्या दोन्ही अंगांना बांधून फेऱ्या मारा. मागे माणूस बसवू नका.