पॅरालिसिसचा झटका येऊन चार महिने झाले. बाबा चालतात, पण उजवा हात कामाला येत नाही. रोज मालिश करतो, चेंडू दाबून घेतो. एवढं पुरे का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. एवढं पुरे नाही, आणि चेंडू तर बाजूलाच ठेवा. झटक्यानंतर मूठ मिटणं बहुतेकांना आधी जमतं, अडतं ते बोटं उघडताना. चेंडूने त्या उघडण्याचा सराव होतच नाही. मालिशने बरं वाटत असेल तर करा, पण त्यात कष्ट तुमच्या हाताचे होतात, बाबांच्या नाही.

आधी एक बघा: टेबलाच्या कडेवरून पंजा खाली सोडल्यावर मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी तरी वर उचलतात का? अगदी 10 अंश उचलली तरी चालेल. तसं असेल तर चांगला हात मोज्यात अडकवून लुळ्या हातालाच कामाला लावायचं. ही पद्धत एडवर्ड टॉब यांची. अमेरिकेतल्या 222 रुग्णांवरच्या चाचणीचे चांगले निष्कर्ष 2006 साली आले. त्यात झटक्याला 3 ते 9 महिने झालेले लोक होते, म्हणजे बाबांना उशीर झालेला नाही. तिथे दोन आठवडे जागेपणीचा जवळजवळ सगळा वेळ चांगल्या हातात मोजा असे. आपल्या घरात तेवढं झेपत नाही. बसल्या जागी दोन तास करा. चालताना, जिन्यात, न्हाणीघरात मोजा काढाच, तोल गेला तर सावरायला तोच हात लागतो.

कामं रोजचीच द्या. वाटी उचलून पुढे ठेवणं, शेंगा सोलणं, कपड्यांचे चिमटे काढणं, भाताचा घास. (आपल्याकडे उजव्या हाताने जेवायची ओढ असते, तिचा फायदा घ्या.) पण दहा वेळा करून थांबू नका. 2009 च्या एका अमेरिकन पाहणीत थेरपीच्या एका सत्रात हाताची कामाची हालचाल सरासरी 32 वेळाच झालेली दिसली. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ती शेकड्यांनी करून घेतात. उरलेली भर घरीच घालावी लागते. आणि घास सांडला तर लगेच भरवायला धावू नका, हे घरच्यांनाच सगळ्यात जड जातं.

बोटं अजिबात हलत नसतील तर आरसा वापरा. दोन्ही हातांच्या मध्ये तो उभा धरून चांगल्या हाताचं प्रतिबिंब बघत दोन्ही हात हलवायचा प्रयत्न करायचा. विजेचं स्टिम्युलेशन (हलक्या विजेने स्नायू हलवणारं यंत्र) लावत असाल तर बाबांनी त्याच क्षणी स्वतःही जोर लावायला हवा.

उठवताना त्या हाताला धरून ओढू नका. कप्पी-दोरीने हात डोक्यावर खेचणंही नको, खांदा दुखावतो. पंजा सुजून लाल, गरम झाला तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा.