छतावरचे सोलर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरी ३ किलोवॉटचे सोलर बसवले आहे. भर उन्हातही लाइट गेली की घर बंद पडते. इन्व्हर्टर बिघडला आहे का? (एक वाचक, सांगली)

नाही, तो नियमाप्रमाणेच बंद होतो. तुमची यंत्रणा ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारेला (ग्रिडला) जोडलेली आहे. महावितरणच्या तारेतला दाब नाहीसा होताच असा इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. तसे झाले नाही, तर तुमच्या छतावरची वीज उलटी लाइनवर जाईल आणि दुरुस्तीला खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. विक्रेत्याने हे आधीच सांगायला हवे होते.

लाइट दोन-तीन तासच जात असेल, तर सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणाऱ्या महागड्या हायब्रिड इन्व्हर्टरची गरज नाही. तीन पंखे आणि पाच एलईडी मिळून साधारण २७५ वॉट, म्हणजे चार तासांचे १.१ युनिट. १५० अँपिअर-अवरची एक ट्यूब्युलर बॅटरी आणि साधा घरगुती इन्व्हर्टर एवढ्यावर भागते. मात्र त्याचे सर्किट पूर्ण वेगळे काढा. सोलर इन्व्हर्टर त्याच तारेवर राहिला, तर घरगुती इन्व्हर्टरच्या विजेलाच ग्रिड समजून तो चालू होऊ शकतो आणि घरगुती इन्व्हर्टर जळू शकतो.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी ३ किलोवॉटऐवजी २.३ च का दिसतात? (एक वाचक, अकोला)

पॅनेलला ऊन हवे असते, उष्णता नको. त्यावर छापलेली क्षमता आतले सेल २५ अंशांवर असतानाची असते. हवा ४३ अंशांवर गेली की पॅनेल ६५-७० पर्यंत तापते आणि दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के उत्पादन घटते. म्हणजे १५ टक्के उष्णतेतच गेले. उरलेली घट बहुधा धुळीची. पॅनेल सकाळी लवकर, थंड असतानाच धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकले तर ती तडकू शकते. बोअरचे जड पाणी आणि साबणाची पावडर टाळा; क्षारांचा पांढरा थर बसला की सहजी निघत नाही. पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवली असतील, तर खालून वारा खेळत नाही. पुढच्या वेळी हात जाईल इतकी मोकळी जागा ठेवायला सांगा.

प्रश्न : गच्चीवर दक्षिणेला टाकी आहे. चालेल? (एक वाचक, पुणे)

सावली कुठे पडते ते डिसेंबरात सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळेत पाहा. त्या दिवसांत पुण्यात सूर्य मध्यान्हीही ४८ अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे दीड मीटर उंच टाकीची सावली दुपारी बारालाही उत्तरेकडे जवळपास १.३५ मीटर पडते; सकाळ-संध्याकाळी त्याहून कितीतरी लांब. एका माळेत जोडलेल्या पॅनेलपैकी एकाच्या कोपऱ्यावर जरी सावली आली, तरी बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून वीज पुढे नेणारा छोटा सुटा भाग) सहसा त्या पॅनेलचा एक तृतीयांश हिस्सा बाद करतो. टाकी हलवणे शक्य असेल, तर आधी टाकीच हलवा. अनुदान (३ किलोवॉटला ७८,००० रुपये) मिळते म्हणून सावलीत पॅनेल वाढवू नका.