खानदेशात घोड्यांच्या शर्यतीची परंपरा कुठे आहे आणि तिचा अर्थ काय?

सारंगखेडा, दुसरं नाव घ्यायचं कारण नाही. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठी. दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोडेबाजार. मारवाडी, काठियावाडी घोडे, पांढरेशुभ्र नुकरा, सगळे इथे दिसतात. अलीकडे 'चेतक फेस्टिव्हल' म्हणूनही जाहिरात होते. जुनी माणसं मात्र अजून 'सारंगखेड्याची जत्रा'च म्हणतात.

शर्यत म्हणजे नुसती धूम पळापळ नव्हे. खरी गंमत रेवाल चालीत. घोडा वेगात जातो, पण चौखूर उधळत नाही. स्वाराच्या हातातल्या पेल्यातलं पाणी हिंदकळू नये, अशी त्या चालीची ख्याती. जाणकार तिथेच थांबून बघतात.

सौदा करताना आधी घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे बघतात, कुठला शुभ, कुठला अशुभ. भोवरा वाईट निघाला तर देखण्या जनावराचाही भाव पडतो (मला हे कधी पटलं नाही, पण बाजार त्यावरच चालतो). एरवी घोडा म्हणजे दारची प्रतिष्ठा. लग्नात नवरदेवाला तोच लागतो, नाचणारा असेल तर अधिकच. आणि खरेदीआधी दत्ताचं दर्शन. तो क्रम सहसा कुणी मोडत नाही.